भात्याचा अंदाज

वेधशाळेत त्याला सगळे भाता म्हणत. हवेत ओल वाढली की त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची आणि दोन-तीन तासांत पाऊस यायचा. बावीस वर्षांत हे इतक्यांदा खरं ठरलं होतं की नवी यंत्रं बिचारी आच्छादनाखाली झोपा काढत होती. साहेबसुद्धा घरचे कपडे वाळत घालायचे की नाही, हे भात्याची धाप ऐकून ठरवत. मोठे शास्त्रज्ञ!

डॉक्टरांनी दम्यासाठी दिलेला पंप भाता रोज घरी विसरायचा. म्हणजे आठवणीने विसरायचा. पंप मारला की छाती मोकळी होणार, आणि मोकळ्या छातीच्या निरीक्षकाला चहाला तरी कोण बोलावतं? बायको डोकं फोडून घ्यायची बाकी होती.

खरं तर त्याचं काम सोपं होतं. रोज आवारातल्या पांढऱ्या पेटीतले दोन तापमापक वाचायचे. एक साधा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडतं आणि त्याचा पारा खाली येतो. दोन्ही आकडे जवळ आले की हवा दमट समजायची. पण त्या फडक्यावर पाणी घालायला उन्हातून चालत जावं लागे. एवढी हुकमी छाती असताना कोण जातंय मरायला? भाता खुर्चीत बसूनच आकडे लिहायचा.

त्या दिवशी सकाळपासून कोरडा, धुळीचा वारा सुटला होता. भात्याची छाती अशी काही आवळली की त्याने बोट वर करून जाहीर केलं, आज मुसळधार. दुपार झाली तरी आभाळ स्वच्छ. साहेबांना जराशी शंका आली. ते बऱ्याच वर्षांनी स्वतः पेटीपर्यंत गेले आणि खूश होऊन परतले. दोन्ही तापमापकांत काडीचा फरक नव्हता. हवा ओलीचिंब, छाती बरोबर! मग सगळेच खिडकीशी पावसाची वाट बघत उभे राहिले. मागे भात्याचे ओठ काळेनिळे पडत चालले होते, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

विसरलेला पंप घेऊन बायको आली तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. तिने पंप पुढे केला, तर तो मान हलवून आभाळाकडे बोट दाखवायला लागला. आधी पाऊस.

साहेबांनी दुजोरा दिला, पेटीही तेच सांगतेय. ती तडक पेटीकडे गेली. फडकं पापडासारखं कडक झालं होतं. कित्येक आठवडे त्याने पाण्याचं तोंड पाहिलं नसावं. मग दोन्ही पारे सारखेच राहणार. तिने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पारा घसरताना मागोमाग आलेल्या सगळ्यांना दाखवला. मग परत येऊन नवऱ्याचा जबडा धरून पंप मारला. एकदा, थांबून पुन्हा. शिपायाला गाडी काढायला पिटाळलं.

पहिला नीट श्वास आत गेला तेव्हा भात्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही.

"तुमची छाती पावसाचं सांगत नव्हती," ती म्हणाली. "ती हवा मागत होती. बावीस वर्षं अख्खं ऑफिस कान लावून बसलंय, एकालाही ऐकू आलं नाही."

साहेबांनी घसा खाकरला.

"म्हणजे वहिनी, आज पाऊस नाही असं धरायचं का?"