ठिपका वेस्टला, गाडी ईस्टला

"मशीन खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो," असं म्हणून क्लायंटच्या मॅनेजरनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. गाडीचं लोकेशन सांगणारे डबे आमची अंधेरीची कंपनी बनवते. त्यांच्या ॲम्ब्युलन्समध्ये आमचाच डबा. दाराशी त्यांचा ड्रायव्हर सावंत उभा. त्याला कोणी बस म्हणेना, शेवटी मीच खुर्ची पुढे केली.

झालं होतं असं. मुलुंड वेस्टहून हार्ट अटॅकचा कॉल आला. स्क्रीनवर सावंतची गाडी पेशंटच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर. तो फोनवर सांगत होता, मी ईस्टला आहे, दुसरी गाडी पाठवा. कंट्रोल रूमला वाटलं, टाळतोय. त्याला निघायलाच लावलं. आता मुलुंडला गाडीने मधले रेल्वेचे रूळ ओलांडायचे म्हणजे ब्रिजचा वळसा आणि वर ट्रॅफिक. तो पोचेपर्यंत घरच्यांनी पेशंटला रिक्षात घालून नेलं होतं. माणूस वाचला, नशीब. पण सावंतला काढायचं ठरलं होतं, आणि कॉल टाळणाऱ्या ड्रायव्हरला दुसरीकडे तरी कोण ठेवतं?

मला खरा चोर माहीत होता. उपग्रहाचा सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून आमचा डबा अंतर काढतो. टॉवरांच्या गर्दीत सिग्नल सरळ येत नाही, समोरच्या काचेवर आपटून उशिरा येतो. डबा समजतो, आपणच लांब आहोत. सोसायटीच्या डक्टमध्ये चौथ्या मजल्यावरून कोणी ओरडलं तर आवाज दुसऱ्यावरून आल्यासारखा वाटतो, तसंच. अशा वेळी स्क्रीनवरचा गाडीचा ठिपका उड्या मारतो. ह्याच मॅनेजरनी मागे तक्रार केली होती, ठिपका नाचतो, बरं दिसत नाही. मग आमच्या बॉसनी, देशपांडे सरांनी, काय करावं? ठिपका स्थिर करून टाकला. चूक तशीच, फक्त आता ती हलत नव्हती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी तेव्हाही नको म्हटलं होतं.

मीटिंगनंतर सरांना म्हटलं, चूक आपली आहे, सांगून टाकू.

"ड्रायव्हर दुसरा मिळतो गं," ते म्हणाले. "क्लायंट मिळत नाही."

अंगाची लाही लाही झाली. एका माणसाच्या पोटावर पाय, आणि आम्ही एसीत बसून कॉफी ढोसतोय.

मी सरळ मॅनेजरना फोन लावला आणि गाडी उभी असते तिथे मुलुंड ईस्टला बोलावलं. पूर्वेला गाडीला खेटून टॉवर, पश्चिमेला रुळांपलीकडे काचेची बिल्डिंग. मॅनेजर ॲम्ब्युलन्सला टेकून उभे, आणि त्यांच्याच लॅपटॉपवर ॲम्ब्युलन्स वेस्टला. त्यांनी लॅपटॉप रिस्टार्ट केला. तरी वेस्टलाच.

मग मी डब्याचा कच्चा डेटा उघडला. टॉवरने पूर्वेचं आभाळ झाकलेलं, तरी तिकडचे उपग्रह डब्याला 'ऐकू' येत होते. गाडी जागची हलत नव्हती, पण त्यांच्या सिग्नलचा जोर सारखा वरखाली होत होता. आपटून आलेला सिग्नल असाच पकडतात. ते उपग्रह मी हिशोबातून काढले. ठिपका रूळ ओलांडून आमच्या पायाशी आला.

आता डबा असे सिग्नल स्वतःच वगळतो. भरवशाचे उपग्रह कमी पडले की ठिपका करडा होतो, आणि कंट्रोल रूमने ड्रायव्हरला फोन करून विचारायचं. सर कुरकुरले, क्लायंटला वाटेल आपल्याला माहीतच नाही. म्हटलं, नसतंच माहीत, सर. धडा एवढाच, की शांत दिसणाऱ्या ठिपक्यावर जास्त संशय घ्यावा.

सावंतला कामावर ठेवलं. सॉरी मात्र कोणी म्हटलं नाही. मी अभिनंदन करायला गेले, तर तो गाडीची काच पुसत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मी इस्टाक आसंय म्हणान बोंबलत होतंय, तेवा कोणी आयकूक नाय. आता तुमचा मशीन बोलला, म्हणान मी खरो."