कवळीवाल्यांचा जाहीरनामा

पोराच्या पायाची दोन बोटं गेली नसती, तर कवळीवाले राजकारणाच्या वाटेला गेलेच नसते. तोवर राजकारणाशी त्यांचा संबंध एवढाच, की निवडणूक जवळ आली की एखादा पुढारी पुढचे दात बसवून घ्यायला यायचा आणि पोस्टरसाठी फोटो काढायचाय म्हणून मागे लागायचा. कवळीवाले मात्र घाईत काम करत नसत. प्लास्टर वाळायला वेळ लागतो, पुढारी असो नाहीतर कुणी, असं म्हणून ते पुन्हा मान खाली घालत.

औषधाच्या दुकानाच्या वर त्यांच्या तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काम आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवत. ते त्या ठशात प्लास्टर ओतत, मेणात दात उभे करत, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी तयार करून ती घासूनपुसून चकचकीत करत. मोडलेली किंवा सैल झालेली कवळी लोक थेट त्यांच्याकडेच आणत. त्यामुळे त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या ओळखीची होती, आणि त्यांच्यासमोर बोळकं तोंड उघडायला कुणालाच संकोच वाटत नसे. घरात बायको होती, बायकोची आई होती, आणि सुट्टीवर आला की मुलगा. मुलगा सैन्यात होता, बर्फाळ सीमेवर.

त्या हिवाळ्यात मुलगा सुट्टी नसताना घरी आला, तोही काठी टेकत. त्यांच्या ठाण्यावर बुटांची नवी खेप आली होती. काही दिवसांतच एका गस्तीत बुटाचा तळ उकलला, बर्फाचं पाणी आत गेलं, आणि परत येईपर्यंत दोन बोटं काळी पडली. लष्करी इस्पितळात ती काढावी लागली.

"बाकी पाय शाबूत आहे," मुलगा हसत म्हणाला.

आई आत निघून गेली. आजी म्हणाली, "आधी बस. पाय वर घे." कवळीवाल्यांनी एकच विचारलं, "ते बूट विकत घेण्याआधी बर्फात कुणी घालून बघितले होते का रे?"

"आम्हीच बघितले की, बाबा."

हे उत्तर कवळीवाल्यांच्या डोक्यात जे घर करून बसलं, ते हलेना. ते स्वतः कुठलीही कवळी तोंडात घालून, चावून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. गिऱ्हाइकाच्या तोंडात, अर्थात. आणि इथे माणसं डोंगरावर पाठवायची आणि मग बघायचं, बूट टिकतो का पाय टिकतो.

त्याच सुमारास एक निवृत्त साहेब खालची कवळी घट्ट करून घ्यायला आले. साहेबांचा स्वतःचा बंगला, वरचा मजला भाड्यानं दिलेला, शिवाय नोकरीचं पेन्शन. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकार दरमहा भत्ता द्यायचं, गरीब असो नाहीतर श्रीमंत. तसा तो साहेबांनाही मिळायचा. कवळी घासली जात असताना साहेब गमतीनं बोलून गेले, "त्या भत्त्यात आमच्या कुत्र्याचं भागतं. ऐटीत राहतो बेटा!"

कवळीवाले हसले नाहीत. त्यांनी कवळी धुऊन साहेबांच्या हातात ठेवली आणि त्या दिवसापुरतं काम बंद करून टाकलं. बायकोला वाटलं, डोकं दुखत असेल.

पुढचे काही आठवडे ते वर्तमानपत्रं वाचत राहिले. देशाचं अंदाजपत्रक म्हणजे काय, भत्त्यावर किती जातं, सैन्यावर किती, आणि त्यातलं संचलनावर आणि चकचकीत विमानांवर किती, हे सगळं त्यांनी आपल्या परीनं समजून घेतलं. काही समजलं, काही नाही. मग एके सकाळी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं, "मी संसदेच्या निवडणुकीला उभा राहतोय. अपक्ष."

बायकोनं कप खाली ठेवला. "अहो, लोक दात काढतील."

"काढू देत. मोडले तर माझ्याकडेच येतील."

जाहीरनामा एकाच कागदावर मावला. एका बाजूला देशाचं संरक्षण. सैनिकाच्या अंगावर आणि पायात जे जातं, त्याचा खर्च आधी, बाकी सगळं नंतर. कुठलीही वस्तू वापरणाऱ्यांनी एक हिवाळा वापरून बघितल्याशिवाय तिची मोठी खरेदी नाही. सीमेबद्दल गरम भाषण करणाऱ्या मंत्र्यानं आधी तिथे थंडीत राहून यावं. कागदाच्या दुसऱ्या बाजूला भत्ता. ज्या घरात कमावतं माणूस आहे किंवा दुसरी मिळकत आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी तो सोडावा. जे खरोखर एकटे आणि निराधार आहेत त्यांचा वाढवावा. उरेल ते पहिल्या बाजूला द्यावं. छापखान्यातल्या माणसानं कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "फुकट काय देणार, ते राहिलंय का लिहायचं?"

"नाही, राहिलेलं नाही."

प्रचार म्हणजे कवळीवाले पायी हिंडत. ज्यांच्या तोंडात त्यांनी दात बसवले होते, तीच माणसं आता त्यांच्यावर दातओठ खायला लागली. कुणी कागदाची फक्त पहिली बाजू वाचून पाठ थोपटी, तर कुणी दुसरी बाजू वाचून दार लावून घेई. एक आजोबा तर म्हणाले, "तुमची कवळी परत घ्या, मी पेज पिऊन राहीन." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नातवाला पाठवून ती परत नेली.

चौकातल्या सभेत माणसं जमायची ती मुलाच्या गोष्टीसाठी. कवळीवाल्यांना हे लवकरच कळलं. अंदाजपत्रकाबद्दल बोललं की लोक घड्याळ बघत. बुटाबद्दल आणि बोटांबद्दल बोललं की चिडीचूप. मग बोटं रोजच भाषणात यायला लागली. पहिल्यांदा दोन वाक्यांत संपणारी गोष्ट लांबत गेली. त्यात बर्फाचं वादळ आलं, आईची रात्रभरची वाट बघणं आलं. वादळ मुलानं कधी सांगितलं नव्हतं.

मुलाला आता सैन्याच्या भांडारात बैठं काम दिलं होतं. तो चार दिवस घरी आला तेव्हा चौकातल्या सभेला मागे उभा राहिला. वडिलांना दिसला नाही. घरी परतल्यावर त्यानं बूट काढायच्या आधीच विषय काढला.

"बाबा, वादळ नव्हतं त्या दिवशी."

कवळीवाल्यांनी हातातले कागद खाली ठेवले.

"आणि तुम्ही माझ्या पायाची गोष्ट सांगायला लागलात की लोक माझ्या पायाकडे बघतात. मी मागेच उभा होतो. एक बाई म्हणाली, बिचारा. मी बिचारा नाही."

"अरे, मी तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नका करू. बुटांचं बोला, पाहिजे तेवढं बोला. पण त्या बुटांत मी होतो. माझी बोटं मला विचारल्याशिवाय स्टेजवर नेऊ नका."

कवळीवाल्यांना हे फार लागलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. माणसं निम्म्यावर आली. त्यांनी पुन्हा अंदाजपत्रक काढलं, आणि उरलेल्यांनी घड्याळं.

शेवटची सभा ज्येष्ठांच्या मंडळाच्या सभागृहात होती. मंडळानं सगळ्याच उमेदवारांना पाळीपाळीनं बोलावलं होतं, म्हणून यांनाही. सभागृह भरलं, कारण भत्ता काढून घेणारा माणूस दिसतो कसा हे सगळ्यांना बघायचं होतं. पहिल्या रांगेत निवृत्त साहेब. दुसऱ्या रांगेत, बायकोच्या शेजारी, सासूबाई. त्या कधी सभेला येत नसत. भाषण झालं, प्रश्न सुरू झाले. कुणीतरी ओरडून विचारलं, "पोराच्या पायाचं काय झालं ते सांगा!" कवळीवाले म्हणाले, "ते त्याला विचारा." मग दुसऱ्या रांगेत हात वर झाला.

"जावईबापू, मी एक विचारू?"

हशा पिकला. कवळीवाल्यांचे कान लाल झाले. "विचारा की, आई."

"तुम्ही लिहिलंय, घरात कमावतं माणूस असेल तर म्हाताऱ्यांना भत्ता नको. म्हणजे माझा बंद."

"तुम्हाला घरात काय कमी आहे, आई?"

"काही कमी नाही. पोटच्या पोरानं केलं नसतं तेवढं तुम्ही केलंत, हे मी चारचौघांत सांगते. पण चष्म्याची काडी मोडली तर मी तुम्हाला सांगत नाही, माझी मी जाऊन बसवून आणते. माझ्या धाकट्या लेकीच्या पोरीला काही घ्यावंसं वाटलं तर कुणापुढे हात पसरत नाही. घर तुमचं, कमाई तुमची, भांडीकुंडी माझ्या लेकीची. माझं म्हणून येतं ते तेवढंच. ते काढून घेतलंत की मी तुमच्याकडे पाहुणी. आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. त्या खाली बसल्या आणि पिशवीचा बंद सारखा करत राहिल्या. शेजारी बायको समोर भिंतीकडे बघत होती. कवळीवाल्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"याचा मी विचार केला नव्हता," ते म्हणाले.

"मग छापलं कशाला?" मागून कुणीतरी.

"चुकलं. घर बघून चालणार नाही, माणूस बघायला हवा. ज्याच्या स्वतःच्या नावावर मिळकत आहे, त्यानंच सोडायचा. उद्या दुरुस्त करतो."

निवृत्त साहेब उभे राहिले. "म्हणजे फिरून फिरून माझ्याच गळ्याशी!"

"हो साहेब, तुमच्याच."

"आणि तुमचं काय? तुम्हीही कमावताच की."

"माझी पासष्टी जवळ आलीय. मी घेणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

त्या वाक्याला टाळ्या पडल्या. सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

दुरुस्त जाहीरनामा पुन्हा छापायला सवड नव्हती. उरलेल्या कागदांवरची ती ओळ नवराबायकोनं बसून पेनानं खोडली आणि वर बारीक अक्षरात नवी लिहिली. निकाल लागला तेव्हा कवळीवाल्यांना चारशेच्या आसपास मतं होती आणि अनामत जप्त झाली होती. निवडून आलेल्या उमेदवारानं भत्ता सरसकट वाढवायचं वचन दिलं होतं. सैन्याचे बूट वर्षभरात बदलले, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी चौकशीमुळे. त्याचा या निवडणुकीशी काही संबंध नव्हता. भांडारातल्या मुलानंच ते खोके मोजून घेतले. फोनवर म्हणाला, "बरे आहेत, बाबा. मी घालून बघितलेत."

पासष्टी झाल्यावर भत्ता आपोआप सुरू झाला. कवळीवाले तो बंद करायला कचेरीत गेले. खिडकीतली बाई गोंधळली. "काका, चालू करायचा अर्ज आहे, तक्रारीचा आहे, मयताचा आहे. नको म्हणायचा नाही."

"मग मयताचा द्या."

"असं कसं बोलता!"

शेवटी तिनं साध्या कागदावर लिहून घेतलं आणि वरिष्ठांकडे पाठवलं. सात-आठ खेपांनंतर भत्ता बंद झाला. ही बातमी मंडळात पोचली, आणि काही दिवस लोक त्यांना जरा अदबीनं वागवू लागले. साहेबांनी मात्र त्यांच्याकडे येणं सोडलं ते कायमचं.

पुढे तीनेक वर्षांनी कवळीवाल्यांचे हात थरथरायला लागले. आधी मेणात दात तिरके बसू लागले, मग घासताना एक अख्खी कवळीच हातातून सुटली. डॉक्टरांनी ठसे पाठवणं हळूहळू थांबवलं. कुणी काही बोललं नाही, फक्त ठशांचे खोके यायचे बंद झाले. साठवलेलं होतं ते सासूबाईंच्या आजारपणात गेलं. त्या बऱ्या झाल्या, खाटेवरून उठल्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे:

"जावईबापू, आता तुमच्या नावावर मिळकत आहे का?"

"नाही, आई."

"मग तुमच्याच कागदाप्रमाणे तुम्हाला भत्ता लागू होतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तुम्हाला मतं दिली होती का? मग त्यांचं कशाला ऐकायचं?"

बायकोला हसू आवरेना. कवळीवाले दोन दिवस घुटमळले. मुलाला फोन केला, तो म्हणाला, "बाबा, मी पैसे पाठवतोच आहे, पण तुम्हाला घ्यावासा वाटला तर घ्या. आजीला विचारा." आजीचं मत तर ठाऊकच होतं.

तिसऱ्या दिवशी ते कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले. पुढे-मागे सगळी ओळखीची तोंडं. एकानं टोमणा मारलाच, "काय कवळीवाले, फिरवलात ना शब्द?"

"नाही फिरवला. तेव्हा मला लागत नव्हता, आता लागतोय."

"असं होय," म्हणून तो माणूस जरा सरकला आणि त्यानं यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली. खिडकीतली बाई तीच होती. तिनं कवळीवाल्यांना ओळखलं, चालू करायचा अर्ज काढला, आणि त्यांचा हात बघून न विचारताच तो स्वतः भरायला घेतला.