जुलैची दोरी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातच्या सुमाराला, मी ऑफिसात उन्हाळी रजांचा तक्ता छापायला देत होतो तेव्हा शालनवहिनींचा फोन आला. "भावोजी, यांना सलमानिया हॉस्पिटलात आणलंय. तुम्ही या." एवढंच. आवाज इतका सरळ होता की मला वाटलं, रक्तदाब वगैरे वाढला असेल. तक्ता तसाच टाकून निघालो, पार्किंग शोधत दोन चकरा मारल्या आणि वर पोचलो, तेव्हा वहिनी बाकावर बसून तांब्यांचा चष्मा पदराने पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला कळलं. मधुकर तांबे, आमच्या कारखान्यातले इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, माझे अठरा वर्षांचे सहकारी आणि मित्र... मित्र म्हणतो खरा, पण हा शब्द मला शोभतो का, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तांबे मूळचे दाभोळ खाडीच्या काठचे. लहानपणी गळाला कोळंबी लावून तासन्‌तास गरवायला बसायचे, आणि त्यांनी आणलेल्या माशांवर घरचं कालवण व्हायचं. मी सदाशिव पेठेतला, आयुष्यात मासा ताटात घेतला नाही. बहारीनमध्ये आमची गाठ पडली नसती तर जगात कुठेही पडली नसती. त्यांना मासेमारीचं नवं वेड लावलं ते अ‍ॅलन नावाच्या आमच्या स्कॉटिश सुपरवायझरने. तो निवृत्त होऊन आपल्या गावी गेला, पण त्याआधी दोन हिवाळे त्याने तांब्यांना अरादच्या किनाऱ्यावर उभं करून फ्लाय फिशिंगची दोरी फेकायला शिकवली. यात गळाला आमिष नसतं. पिसं आणि रंगीत धागे बांधून केलेली एक खोटी माशी असते, वजनाला फुंकरीइतकी. म्हणून फेकायची असते ती दोरी. सगळं वजन दोरीत. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला, ओहोटीच्या उथळ पाण्यात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे असलेले तांबे आणि त्यांच्या डोक्यावरून मागे-पुढे जाणारी ती लांबलचक पिवळी दोरी बघायला फिरायला आलेली माणसं थांबायची. एकदा एका बहारीनी आजोबांनी त्यांना विचारलं, "समक?" मासा मिळाला का? तांब्यांनी दोरीचं टोक उचलून दाखवलं. त्यावर गळच नव्हता, लाल लोकरीचा एक तुकडा होता. "मफी समक," मासा नाही, तांबे म्हणाले, आणि आजोबा काळजीने त्यांच्याकडे बघत निघून गेले. मी गाडीत एसी लावून बसलेलो असायचो. मी काच खाली करून ओरडायचो, "तांबे, पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात, तुम्ही तर माशाशी ओळखसुद्धा करत नाही!"

त्यांना धरायचा होता सॅल्मन, तोही अ‍ॅलनच्या गावच्या नदीत, आणि धरून परत सोडून द्यायचा. हे ऐकून मी एकदा विचारलं होतं, "सोडायचा, तर धरायचा कशाला?" तांबे म्हणाले, "साहेब, तो नदीत परत येतो ना अंडी घालायला, तेव्हा काही खातच नाही. उपाशी असतो. तरी माशी बघून तोंड मारतो. का मारतो, ते अ‍ॅलनलापण माहीत नाही. ते बघायचंय." आणि मग ते दोऱ्यांवर यायचे, कारण सगळी गोम दोरीत होती. त्यांच्याकडे दोन होत्या. एक बुडणारी, शेवाळी रंगाची, आणि एक तरंगणारी, पिवळी. मार्चमध्ये नदीत वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, मासा तळाशी गारठून पडलेला असतो, वर यायला तयार नसतो. तेव्हा दोरीही खाली न्यावी लागते, त्याच्या नाकासमोर. फेकली की ती दिसेनाशी होते, मग सगळा कारभार बोटांवर, आणि पुन्हा फेकण्याआधी ती जड दोरी वर ओढता ओढता खांदे भरून येतात. जुलैत पाणी तापतं... तापतं म्हणजे त्यांच्या मानाने... आणि मासा वर बघायला लागतो. तेव्हा तरंगणारी दोरी घ्यायची. ती सबंध पाण्यावर पडलेली दिसते, माशी कुठे आहे ते कळतं, आणि नशीब असेल तर मासा वर येताना पाणी फुगतं तेही दिसतं. "मला ते फुगलेलं पाणी बघायचंय," तांबे म्हणायचे. "धरला नाही तरी चालेल."

आता आमच्या रजांविषयी सांगायला हवं. मी कारखान्यात प्लॅनर. कुणाची रजा कधी, कुणाची शिफ्ट कुठे, हे मी ठरवतो. साहेबाची सही असते, पण पेन्सिल माझी. थंड खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, हे माझं काम. इथे शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात, त्यामुळे आमच्याकडे एक अलिखित नियम पडून गेला होता की, हे दोन महिने शाळेत मुलं असलेल्यांचे. बाकीच्यांनी इतर वेळी जायचं. नियम वाईट नव्हता. माझी दोन्ही मुलं ईसा टाउनच्या शाळेत होती, मी दर जुलैत पुण्याला जायचो. तांब्यांना मूल नव्हतं. ते दर जुलैत कारखान्यात असायचे. माझी मुलं शाळेतून बाहेर पडून सहा वर्षं झाली. थोरली बंगळूरला नोकरीला लागली, धाकटा टोरोंटोला गेला. तक्त्यात मात्र जुलैसमोर 'कुलकर्णी' तसंच राहिलं. हे कुणी मला दाखवून दिलं नाही आणि मला स्वतःला दिसलं नाही. काखेत कळसा असलेला माणूस निदान गावाला वळसा तरी घालतो, मी तेवढंही केलं नाही.

तांबे स्कॉटलंडला दोनदा गेले, दोन्ही वेळा मार्चमध्ये, कारण मी त्यांना मार्च देत होतो. दोन्ही वेळा शेवाळी दोरी. पहिल्या वर्षी नदीला पूर, चार दिवस अ‍ॅलनच्या घरात बसून काढले. दुसऱ्या वर्षी सहा दिवस कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उभे राहिले, एकदा बोटांना झटका जाणवला, आणि खाडीवरच्या सवयीने त्यांनी ताबडतोब हिसका मारला. तिथेच चुकलं. सॅल्मनला वेळ द्यायचा असतो, त्याने माशी तोंडात घेऊन वळेपर्यंत हात आवरायचा असतो. "दाभोळचा हात आडवा आला, साहेब," परत आल्यावर ते हसत म्हणाले. "दिसत असतं तर थांबलो असतो. खाली काय चाललंय ते कळतच नाही." मी म्हटलं, "मग तरंगणारी न्या की पुढच्या वेळी." ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "मार्चमध्ये तिचा उपयोग नाही ना." मी मान डोलावली आणि चहा मागवला. त्यांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. माणसं आपल्याला सगळं सांगत असतात...

यंदा जानेवारीत मात्र त्यांनी स्पष्ट विचारलं. सगळ्यांनी रजांचे अर्ज दिले होते. तांबे दारात उभे राहिले, आत येऊन बसले नाहीत. अठरा वर्षांत मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल की 'साहेब' म्हणू नका, पण ते म्हणायचे. "साहेब, यंदा जुलैचे तीन आठवडे मला मिळतील का? अ‍ॅलन पंचाहत्तरचा झाला. पुढे तो पाण्यात उतरेल, न उतरेल." आम्ही दोघंही गेलो तर विभाग उघडा पडतो, तेव्हा प्रश्न मी की ते, एवढाच होता. मी म्हटलं, "अहो, मुलगा येतोय टोरोंटोहून, त्याला जुलैतच सुट्टी आहे. पुढच्या वर्षी नक्की तुमचा. लिहून देतो हवं तर." ते लगेच म्हणाले, "नाही नाही, लिहून काय द्यायचं. मुलगा येतोय तर जायलाच पाहिजे. पुढच्या वर्षी जाऊ, इंशाल्ला." मग मी उदारपणे विचारलं, "मार्च देऊ का?" त्यांनी नको म्हटलं. मार्चला त्यांनी नको म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

आता जे सांगतो ते मी अजून माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा फोन आला की, यंदा जमत नाही, डिसेंबरमध्ये येतो. मला वाईट वाटलं, आणि त्याच मिनिटाला मनात आलं की, जुलै मोकळा झाला, तांब्यांना सांगायला हवं. ते खाली वर्कशॉपमध्येच होते, दोन जिने उतरायचे फक्त. पण त्या दिवशी मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, एवढं काय, तिकीट तर काढलंय, आपणही जरा पुण्याला जाऊन येऊ. नंतरच्या दिवसांत तर ते कँटीनमध्ये समोर बसून डबा खात होते आणि मी नुसता इकडचं तिकडचं बोलत होतो. असे तीन आठवडे गेले. मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज मला इतकं टोचलं नसतं. त्यांना छातीत कळ आली त्या सकाळी मी जो तक्ता छापायला देत होतो, त्यात जुलैसमोर माझंच नाव होतं.

वहिनी त्यांना घेऊन गावी गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिकडेच झाला. जूनच्या अखेरीस त्या ईसा टाउनचा फ्लॅट आवरायला परत आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. जाताना गाडीत वाक्यं जुळवत होतो. घरात खोकी बांधून ठेवली होती. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मुलाचा फोन, ते तीन आठवडे, सगळं. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला राग आहे तुमच्यावर, भावोजी. त्यांना नव्हता. ते म्हणायचे, कुलकर्णी साहेबांची मुलं लांब आहेत, आपलं काय. पण मला होता. आम्हाला मूल नाही म्हणून जुलैपण नाही, असंच ना?" त्या उठल्या, आत जाऊन एक रीळ घेऊन आल्या, त्यावर ती पिवळी दोरी गुंडाळलेली. "ही तुम्ही न्या. अ‍ॅलनला पाठवा, ठेवा, काय करायचं ते करा. ते अरादवरून आले की बादलीत गोड्या पाण्याने धुवायचे, साबण लावायचे, सुकवायचे. मीठ राहिलं की टोक बुडायला लागतं म्हणे. मला ते आता जमायचं नाही." मला वाटलं होतं, त्या रडतील, किंवा मला जा म्हणतील. त्यांनी चहा केला. तो मी प्यालो.

मी पुण्याला गेलो नाही. माझे तीन आठवडे दोन लहान मुलं शाळेत असलेल्या एका टेक्निशियनला दिले आणि इथेच राहिलो. अ‍ॅलनला फोन करून बातमी सांगितली. त्याने एवढंच विचारलं की, तरंगणारी दोरी कुणाकडे आहे. माझ्याकडे, म्हटलं. बरं, म्हणाला.

आणि मला कळलं की, अठरा वर्षांत मी इथला जुलै पाहिलाच नव्हता. तक्त्यात लिहिला होता फक्त. सकाळी नऊला जिन्याच्या कठड्याला हात लावता येत नाही. चष्म्यावर वाफ धरते आणि हेल्मेटखालून घाम सरळ डोळ्यांत उतरतो. दुपारी बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं, सगळे वर्कशॉपमध्ये येऊन बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. परवा अशाच एका दुपारी मी ते रीळ घेऊन खाली गेलो. दोरी धुवायची होती आणि तिथे मोठा नळ आहे. वर्गीस नावाचा आमचा केरळचा जुना फिटर डबा खात होता. त्याने माझ्या हातातली दोरी ओळखली. म्हणाला, "साब, उधर नहीं, इधर," आणि मला कोपऱ्यातल्या लांबट टाकीपाशी घेऊन गेला. पंप तपासायला आम्ही ती पाण्याने भरून ठेवतो. "तांबे भाई जुलाई में रोज लंच टाइम इधर आते थे. यही पीला वाला लेके. पानी पे छोड़ते थे और देखते थे."

मी विचारलं, "रोज? हर साल?"

"हर साल. मैं पूछा, तांबे भाई, इसमें मछली किधर है? तो बोले, मछली नहीं है वर्गीस, लेकिन उधर नदी का पानी अभी गरम हो गया होगा."

वर्गीस डबा संपवायला गेला. मी दोरी साबणाने धुतली, पुसली आणि तिचं टोक टाकीतल्या पाण्यावर सोडलं. ते तरंगलं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो.