पाव फेऱ्याचं दुखणं

अर्धापूरपासून कंधारपर्यंत विहिरीवर बसवलेलं असं एकही डिझेल इंजिन नसेल, ज्याची तब्येत आमच्या साडूंनी कधी ना कधी विचारलेली नाही. मी लातूरला जमीन मोजणीच्या खात्यात आहे आणि 'एकही' असा शब्द न मोजता वापरणं मला पटत नाही. पण सव्वीस वर्षं शोधूनही मला अपवाद सापडलेला नाही, म्हणून वापरतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. अर्धापूरच्या रस्त्याला त्यांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या मागेच घर. केळीवाल्यांच्या विहिरींवर डिझेल इंजिनं होती त्या काळात दाजी डॉक्टरसारखे मागणीत होते. बरं, डॉक्टर निदान नाडी तरी बघतो. दाजी काहीच बघायचे नाहीत. इंजिनाजवळ उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे, हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवायचे, आणि चेहरा असा करायचे की जणू इंजिन घरच्या भानगडी सांगून राहिलंय. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. पुढे मोबाइल आले तेव्हा तर शेतकरी शेतातूनच फोन लावायचे आणि तो सरळ इंजिनापाशी धरायचे. हदगावच्या एका माणसाला दाजींनी जेवता जेवता सांगितलं होतं, "डिझेलच्या नळीत हवा हाय. नट ढिल्ला कर, हवा काढ. आन् तुझ्या कुत्र्याला जरा गप कर."

माणसांनाही हाच कान लागू होता. लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामांचा आवाज फाटला की दाजी शेजाऱ्याला सांगायचे, "पिस्टनच्या रिंगा गेल्या." मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा दाजी थोरले जावई म्हणून सासऱ्यांच्या ओसरीवर बाजेवर पडले होते. डोळे अर्थातच मिटलेले. माझी मोटारसायकल दारात येऊन थांबली आणि मी खाली उतरायच्या आत त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, "पोरगा चांगला हाय. टॅपेटचा आवाज न्हाई. गाडीला जपणारा बायकोला जपतो." खरी गोष्ट एवढीच होती की दर तीन हजार किलोमीटरला टॅपेट सेट करावेत असं गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं आणि मी ते दोन हजार नऊशे ऐंशीलाच करून घेतले होते. माझं लग्न दाजींच्या कानामुळे जमलं असं मी मानतो. बायकोला हे मान्य नाही, पण तिने दुसरं कारणही कधी सांगितलेलं नाही.

काट्याच्या यंत्रांवर मात्र दाजींचा राग. एका गिऱ्हाइकाने प्रेमाने तापमान दाखवणारं मीटर आणून दिलं, ते आजही फळीवर खोक्यात आहे. "काटा खोटं बोलतो, मोजणीवाले," ते मला म्हणतात. मला ते माझ्या नावाने कधीच हाक मारत नाहीत. "इंजिनाला तोंड हाय. ते सोता बोलून राहिलंय आन् आपण काट्याला काहून इचारायचं?" मी खिशात वही बाळगतो, गाडीत पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा लिहितो, याची त्यांना कीव येते. आमचं एकमेकांवर प्रेम आहे ते या कीवेवरच उभं आहे, कारण मलाही त्यांची तितकीच येते.

तर यंदाच्या दिवाळीत आम्ही चार दिवस त्यांच्याकडे होतो. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने मागच्या खेपेला एक ट्रक आणून ठेवला होता. खेळण्यातला म्हणायचा, पण हातभर लांब, रिमोटवर धावणारा, आणि आत लिंबाएवढं खरं इंजिन. ते पेट्रोलवर नाही, नायट्रो नावाच्या गुलाबी इंधनावर चालतं. सुरू व्हायचं, दोन-तीन मिनिटं पळायचं आणि तापून बंद पडायचं. मुलगा रविवारी परत येणार होता आणि फोनवर म्हणाला होता, "बाबा, नाही जमलं तर राहू द्या. इकडे एक जण आहे, तो कॉम्प्युटर लावून बघतो." हे मुलगा सहज बोलला असेल, पण दाजींनी त्या दिवशी दुपारी झोप घेतली नाही.

शुक्रवारी आम्ही बसलो. दाजींनी हवेच्या गाळणीचा स्पंज धुतला, इंधनाची नळी बदलली, ठिणगीच्या जागी यात जो तापणारा प्लग असतो तोही नवा घातला. मग राहिली कार्ब्युरेटरची सुई. ती आत फिरवली की इंधन कमी, बाहेर फिरवली की जास्त. दाजींनी दोरी ओढून इंजिन चालू केलं, डोळे मिटले, ऐकलं आणि म्हणाले, "लई खाऊन राहिलंय. पोट भरलेलं हाय याचं. आवाज बघा कसा जड." आणि सुई एक अष्टमांश फेरा आत घेतली. मी वहीत लिहिलं. आधी इंजिन तीन मिनिटं दहा सेकंद चाललं होतं. आता दोन मिनिटं चाळीस चाललं. "अजून खातंय," दाजी म्हणाले आणि आणखी एक अष्टमांश. दोन मिनिटं पाच. मग एक वीस. शनिवारी सकाळी पाचव्यांदा सुई आत गेली तेव्हा चाळीस सेकंदांत इंजिन गप्प झालं आणि नवा प्लगही जळाला. तिसरा घालावा लागला.

मी वही पुढे केली. "दाजी, प्रत्येक वेळी कमीच होतंय."

"तुमची वही काट्याची बहीण हाय," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

"धूरही दिसेनासा झालाय. आणि ती शिट्टी तर वाढतच चाललीय."

"कंची शिट्टी?"

मला वाटलं, ते थट्टा करून राहिलेत. इंजिन वेग घेताना इतकी बारीक, तीक्ष्ण किंकाळी मारत होतं की माझ्या दातांत कळ जात होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, उघड्या डोळ्यांनी, आणि इंजिनाजवळ बसलेले असताना मी त्यांचे डोळे उघडे कधी पाहिले नव्हते.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. त्यांच्या टीव्हीवर आवाजाचा आकडा उमटतो आणि आकडा दिसला की वाचायची मला सवय आहे. तीन दिवाळ्यांपूर्वी तो चौदा होता. मग एकोणीस, मग सव्वीस. यंदा चौतीस. मी हे कुणाला बोललो नव्हतो. वहीतही लिहिलं नव्हतं.

"खरं सांगा, मोजणीवाले. शिट्टी येऊन राहिली?"

खोटे आकडे सांगणं मला जमत नाही, आणि ज्या कानाने माझं लग्न जमवलं त्याच्याबद्दल खरं सांगणंही जमेना.

"येते, दाजी," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून येते."

दाजींनी घराकडे तोंड करून विचारलं, "अगं, तुला येते का शिट्टी?"

"कालपासून येतेय," ताई आतून म्हणाल्या. "दोनदा उठून कुकर बघून आले मी."

दाजी पेचकस पुसत बसले. पुसलेला पेचकस परत पुसला. बाहेरून केळीचा एक टेम्पो गेला आणि त्याचं त्यांनी काहीच निदान केलं नाही. मला ते चांगलं चिन्ह वाटलं नाही. मग एकदम म्हणाले, "म्हणजे उपाशी हाय बिचारं. उपाशी लेकरू किंचाळून राहिलंय आन् मी त्याच्या ताटातली भाकर काढून राहिलोय." सुईकडे हात नेला, थांबवला. "घड्याळ हाय ना हातात? तांब्या आणा पाण्याचा. आमचे उस्ताद मुंडीवर थेंब टाकायचे आन् मोजायचे. मी हसत होतो त्यांना."

मग दुपारभर आम्ही दोघांनी मिळून एक मेकॅनिक चालवला. दाजी सुई एक अष्टमांश बाहेर घ्यायचे, मी ऐकायचो. "किती हाय?" "निम्मी झाली." "निम्मी म्हणजे कशी? डासासारखी का शिवणयंत्रासारखी?" मला आवाजाचं वर्णन करायची सवय नाही, पण जमवलं. मग ते इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब सोडायचे आणि मी सेकंद मोजायचो. पहिला थेंब टेकताच चर्र करून उडाला. चौथ्या वेळी दोन सेकंद टिकला. सातव्या वेळी चार. "बस," दाजी म्हणाले. "उस्ताद चारला खूश असायचे." ट्रकच्या मागे बारीक पांढऱ्या धुराची शेपटी निघाली, आणि तो वर्कशॉपपासून विहिरीपर्यंत अकरा फेऱ्या न थांबता पळाला. पाच अष्टमांश आत, सात बाहेर, म्हणजे मूळ दुखणं फक्त पाव फेऱ्याचं होतं. बाकीचं आम्ही लावलेलं. हे मी त्यांना वहीत दाखवलं. त्यांनी वही हातात घेऊन नीट पाहिली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी मुलगा आला. ट्रक पळताना बघून म्हणाला, "बाबा, तुमच्या कानाला तोड नाही." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या उचलून आत ठेवायला गेलो. मागून त्यांचा आवाज आला, "कान मोजणीवाल्यांचा. हात माझा."

नांदेडला जाऊन त्यांनी कानाचं यंत्र आणलं आहे. ते तापमानाच्या मीटरशेजारी, त्याच फळीवर, खोक्यात आहे. ताई म्हणतात, टीव्ही आता अडतीसवर गेला. पण महिन्यातून दोन-तीनदा मला लातूरला फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ऐका, मोजणीवाले," एवढं म्हणून दाजी फोन कुठल्या तरी इंजिनापाशी धरतात. मी ऑफिसातून बाहेर जिन्यात जातो आणि दुसऱ्या कानात बोट घालून ऐकतो. मग ऐकलं तसं सांगतो: दर चौथा ठोका अडखळतो, किंवा तळाशी काहीतरी खुळखुळतं. मला त्यातलं काही कळत नाही. दाजींना लगेच कळतं. ते लगोलग निदान सांगून टाकतात आणि ते बरोबर निघतं. त्यानंतर खरं तर फोन ठेवायला हरकत नसते. पण ते ठेवत नाहीत. "अजून जरा ऐका," म्हणतात. "आता कसं चालून राहिलंय?"

"छान चाललंय, दाजी."

"हाव. सांगा की मग, छान म्हणजे कसं."