बाप जागा राहिला तर

मला कुठेही झोप लागते. फुशारकी म्हणून सांगत नाही, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या स्वतःच्या साखरपुड्यात मी भिंतीला टेकून डुलकी काढली होती आणि सासरकडच्या एका आत्याबाईंनी "मुलाला काही दुखणंबिखणं नाही ना?" अशी चौकशी केली होती. त्यामुळे मुलीला माझ्या जागं राहण्याची अट घालून बायकोने खरं तर सरळ 'नाही'च म्हटलं होतं. फक्त वळण देऊन.

झालं होतं असं. आमची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गेले काही महिने ती गॅलरीत उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. आम्हाला वाटलं पाठांतर. बायको तर खूश होती, शेजारणीला सांगूनही आली. मग कळलं, की पोरगी रॅप लिहिते. मुलुंडच्या एका बागेत रविवारी संध्याकाळी पोरंपोरी गोल करून उभी राहतात, एकजण तोंडाने ठेका धरतो आणि ज्याची पाळी येईल तो आत जाऊन आपलं म्हणतो. ही कित्येक रविवार त्या गोलाबाहेर उभी राहून आली होती. आता तिला आत जायचं होतं.

"शिव्या देतात त्यात," बायको म्हणाली.

"सगळे नाही देत गं मम्मी."

"तू देणार?"

"नाही."

"मग तुझं ऐकणार कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "तू जे दिवसभर कानात घालून बसतेस ना, ते आधी तुझ्या बापाला ऐकव. अख्खं. बाप जागा राहिला तर जा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. दहावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिचा चेहरा इतका पडला नव्हता.

वार रविवार, दुपार. जेवणात मटण आणि भात. म्हणजे बायकोने आपल्या बाजूने सगळी तयारी ठेवली होती. मुलीने मला पलंगावरून उठवून लाकडी खुर्चीत बसवलं, माझा फोन काढून घेतला आणि तो छोटा डब्यासारखा स्पीकर टेबलावर ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लसूण सोलत बसली, पहाऱ्याला.

"पप्पा, हा अमेरिकेतल्या एका रॅपरचा अल्बम आहे. मी जन्मायच्या आधीचा. सगळे ह्यालाच मानतात. आणि मधलंच एखादं गाणं काढून ऐकायचं नाही हं. ज्या क्रमाने लावलंय त्याच क्रमाने, शेवटपर्यंत."

"बरं."

"पप्पा, प्लीज."

त्या 'प्लीज'ने मी जरा ताठ बसलो.

सुरुवातीला नुसता रस्त्याचा आवाज. गाड्या, कोणीतरी लांबून हाक मारतंय. मग ढोल पडला. डब्यातून एवढा ढोल कसा निघतो हे ऐकायला मी डोळे मिटले.

"मिटले! मिटले!" उंबऱ्यातून आवाज.

"ऐकतोय गं!"

"ऐकायचं ते डोळे उघडे ठेवून ऐक."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत घाटकोपर-विक्रोळीच्या वस्त्यांमधून त्यांचे भीमगीतांचे कार्यक्रम चालायचे. ते पुढे, आम्ही चारपाच जण मागे कोरसला. माझ्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी कोरसात होतो कारण मी त्यांचा मुलगा होतो आणि पेटी उचलू शकत होतो. कोरसाचं काम एकच. गाणारा ओळ टाकतो, तिचं शेपूट आपण उचलायचं, तेवढ्यात त्याला श्वास घ्यायला मिळतो. वडील गेले, पार्टी मोडली, मी ऑफिसात चिकटलो. पण ओळ कुठे खाली झुकली, की अजून माझं तोंड उघडतं.

तिसऱ्या गाण्यात तेच झालं. तो माणूस बोलत सुटला होता. मला धड एक वाक्य कळत नव्हतं, पण मुखड्याच्या शेवटी एक शब्द दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा ओळ तशीच झुकली आणि मी तो शब्द उचलला. मनात नव्हे. जयंतीच्या मंडपात उचलायचो तसा, खड्या आवाजात. बायकोच्या हातातला लसूण खाली पडला. आणि त्याच क्षणी, त्या डब्यातूनही मागून दुसऱ्या एका माणसाने तोच शब्द उचलला.

मुलीने गाणं थांबवलं. "पप्पा! तुला हे येतं?"

"नाही गं."

"मग?"

"तो मागचा आहे ना, त्याच्याबरोबर गेलो."

"मागचा कोण?"

आपलाच नियम मोडून तिने गाणं मागे नेलं. ऐकलं. परत ऐकलं. "मला वाटायचं तोच दोनदा बोलतोय," ती हळूच म्हणाली. "हा दुसरा आहे. हा दुसराच माणूस आहे, पप्पा."

झालं. मला चेव आला. "अगं, हे तर आपल्या गायन पार्टीतलंच! आपल्याकडे पण असंच..."

"पप्पा. सगळं आपलंच नसतं. गप ऐक."

मी गप बसलो आणि ते बरं झालं. कारण पुढे जे आलं ते खरोखरच आपलं नव्हतं. त्या गाण्यात मागे कोणीच नव्हतं. मुखडा नाही, कोरस नाही. एक बारीक ठोका आणि तो एकटा. मुलगी माझ्या कानाशी येऊन सांगत होती, तो त्याच्या इमारतीच्या जिन्याबद्दल बोलतोय, लिफ्ट बंद आहे, आई खिडकीत उभी आहे, मित्र खाली थांबलेत आणि वर जायचं की खाली जायचं ते ह्याला ठरवता येत नाहीये. मग तिला त्याचा वेग झेपेना. ती सांगायची थांबली.

मला तरी कळत राहिलं. शब्द नाहीत, पण तो जिना कळला. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो. हा श्वास घेणार कुठे? आता घेईल, ह्या ओळीनंतर घेईल. तो घेत नव्हता. मीच घेत नव्हतो. आयुष्यभर मागे उभं राहिलेल्या माणसाला याची भीती वाटते हो. असं कोणाला एकटं सोडतात का? एखादी ओळ हातातून निसटली तर उचलायला कोण आहे? आणि मग लक्षात आलं, त्याने मागच्यांना मुद्दाम लांब ठेवलंय. जी गोष्ट सांगायची ती अशी होती, की तिथे दुसऱ्या आवाजाला जागाच नव्हती. जगाच्या पार पलीकडे, बंद लिफ्टच्या इमारतीतला कोणी पोरगा, आणि मी घाटकोपरला चौथ्या मजल्यावर पोटात मटण घेऊन त्याच्यासाठी श्वास धरून बसलोय.

शेवटचं गाणं संपलं. नंतर नुसता पंखा. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजला, तो भलताच मोठा वाटला.

"संपलं?" बायकोने विचारलं. तिच्यापुढचा लसूण तसाच पडला होता.

"संपलं."

"झोपला नाही हा," ती म्हणाली. आश्चर्यानेच म्हणाली. मुलगी बूट घालायला उठलीच.

"थांब," बायको म्हणाली. "आता तुझं."

"माझं काय?"

"लिहिलंयस ना? तिथे परक्यांना ऐकवणार. आधी इथे."

"मम्मी, ही अट नव्हती!"

"जायचंय की नाही?"

इतका वेळ ऐटीत असलेली पोरगी एकदम लहान दिसायला लागली. तिने फोनवर एक साधा ठेका लावला आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. "तुमच्याकडे बघून नाही जमणार," म्हणाली.

आणि सुरू झाली. मराठीत. आमच्याच मराठीत, ज्यात आम्ही भांडतो. त्यात पहाटेचं पाणी होतं, पिंप भरणारी तिची आई होती, आजोबांचा माळ्यावर पडलेला माइक होता. आणि मधेच तिने स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. जे आडनाव ऐकल्यावर समोरचा माणूस एक क्षण थांबतो आणि मग गावाचं नाव विचारतो, ते. तिने ते ठेक्यावर असं आपटून ठेवलं, की कपाटाचं दार हलल्यासारखं वाटलं. ओळ झुकली. माझं तोंड उघडलं. पण ती कुठे उतरणार हे मला समजलंच नाही. ती उतरलीच नाही, वळून पुढे गेली. मी तसाच आ करून बसलो.

एका जागी तिचा श्वास तुटला. ती थांबली, भिंतीला हात लावला आणि तिथूनच पुढे निघाली.

"मधे अडकलीस," बायको म्हणाली.

"हो."

"तिथे अडकलीस तर?"

"तर थांबेन. परत सुरू करेन."

"आणि हसले तर?"

मुलगी वळली. "हसू दे."

बायकोने पदराने हात पुसले. हात ओले नव्हते. "पिंप भरते म्हणे," ती पुटपुटली. मग मोठ्याने, "पाण्याची बाटली घेऊन जा. घसा सुकतो एवढं बोलून."

"मी येऊ सोडायला?" मी विचारलं.

दोघीही एकदम "नको!" म्हणाल्या.

ती खाली उतरली तेव्हा आम्ही गॅलरीत गेलो. ती फाटकातून बाहेर पडली, ओठ हलत होते.

"तिचं लक्ष नाहीये," बायको म्हणाली. "ती रिक्षा बघ, रिक्षा!"

रिक्षावाला ओरडला. पोरीने हात वर करून त्याला थांबवलं, ओठ न थांबवता, आणि रस्ता ओलांडून गेली.