मोलकरणीचं बोट

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. या कॉलममधले अनुभव चहाबरोबर वाचायचे आणि नवऱ्याला हसत हसत सांगायचे, त्यातली मी... आज स्वतःच लिहायला बसलेय, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आई नागपूरहून पहिल्यांदाच आली होती. एका रविवारी दुपारी तिला घेऊन तासाभरावरच्या एका जुन्या कंट्री हाउसला, म्हणजे आता लोकांना बघायला खुल्या असलेल्या सरदारी वाड्याला, गेले. तिथल्या डायनिंग रूममध्ये फायरप्लेसच्या वर एक मोठं ऑइल पेंटिंग आहे — सोळाव्या शतकातलं, इटालियन. अंगणात शेकोटी, तिच्याजवळ एक घाबरलेला दाढीवाला म्हातारा, त्याच्याकडे बोट दाखवणारी मोलकरीण आणि मागच्या बाजूला हात बांधलेला येशू. मी फोनवर फोटो काढला आणि बाग बघायला खिडकीशी गेले.

तिथे हेलन भेटली. माझी नवी बॉस, पुढच्याच आठवड्यात माझ्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू घेणार होती. आम्ही बोलतोय तोवर अलार्म वाजला.

आईने येशूला ओळखलं होतं. देव म्हटल्यावर तिने दाराशी बूट काढले, समोर लावलेली दोरी ओलांडली, पर्समधली खडीसाखर फायरप्लेसच्या कट्ट्यावर ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले. सगळे बघायला लागले. खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या व्हॉलंटियर बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, यांच्याबरोबर कोणी आहे का?

हेलन माझ्याकडे वळली. "डू यू नो हर?"

"नो," मी म्हणाले. क्षणभर विचारसुद्धा केला नाही हो मी.

मान वर केली तर चित्रातली मोलकरीण माझ्याकडे बोट दाखवत होती. चित्रातले डोळे आपला पाठलाग करतात असं वाटतं, ते मलाही ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. मगाशी म्हाताऱ्याकडे वळलेला हात आता सरळ खोलीत, माझ्या दिशेने होता. मी खिडकीच्या पडद्याआड सरकले — तर बोटही सरकलं.

आईने चित्राकडे पाहिलं, मग त्या बोटाच्या रोखाने वळून थेट माझ्याकडे. व्हॉलंटियर बाईंनी तिला विचारलं, तुमच्याबरोबर कोणी आहे का? माझ्यावरची नजर न काढता आई तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "नो. आय ॲम अलोन." मग साखरेचा एकेक खडा वेचून पर्समध्ये टाकला, बूट हातात घेतले आणि बाहेर गेली.

नंतर त्या बाई हेलनला चित्राची गोष्ट सांगत होत्या — येशूला पकडल्यावर मोलकरीण त्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या सगळ्यात जवळच्या शिष्याकडे, बोट दाखवते आणि तो म्हणतो, मी याला ओळखत नाही. मी शेजारी उभी राहून सगळं ऐकलं.

गाडीत बसल्यावर आईने बूट घातले. मग म्हणाली, "त्या चित्रातल्या मुलीने दाखवलं म्हणून, नाहीतर पडद्यामागे तू मला दिसली नसतीस." थोड्या वेळाने साध्याच आवाजात विचारलं, "काय गोष्ट आहे गं त्या चित्राची?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

नोव्हेंबरात मी एकटी परत गेले, तासभर त्या चित्रासमोर उभी राहिले. बोट म्हाताऱ्याकडेच आहे. माझ्या फोटोतही तसंच. एकट्या मला दिसलं असतं तर मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं, पण आईलाही दिसलं, त्याचं काय करायचं?

आई आता नागपूरला आहे. शेजारणींना सांगते, लेकीने अख्खं इंग्लंड हाताला धरून दाखवलं.