सोलापुरात हीटरवाला एसी

काही किस्से जमवावे लागत नाहीत. ते ज्वारीच्या पोत्यातल्या किड्यांसारखे असतात. आज एक दिसतो, चार दिवसांनी पोतं हलवलं की खाली सगळं हलतंय. आमच्या एसीचं तसंच झालं. बिल्डिंगमध्ये कुणी नवी बाई राहायला आली की विचारते, "अक्का, तुमच्याकडं हा एसी कसा काय आला?" मी तोंड उघडायच्या आत बाकीच्या तिघी पदर सावरून बसतात, मागच्या वेळी माझं काय सांगायचं राहिलं ते सांगायला. म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही चौघी. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात संध्याकाळी बसतो. तळमजल्यावरची रझियाभाभी, तिचे मिस्टर टेम्पो चालवतात. मधल्या मजल्यावरची पद्मा, माहेरी-सासरी दोन्हीकडं माग, मराठीत हसते आणि तेलुगूत भांडते. तिसरी सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको. तिला आम्ही टीचर म्हणतो, कारण ती टीचरच होती आणि अजून आहे. चौथी मी, सगळ्यात वरच्या मजल्यावर. चौघी मिळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. धंदा माझा, हुकूम माझा.

मी शाळेत गेले नाही. आमचे मालक एसटीत कंडक्टर होते. त्यांचा डबा द्यायला स्टँडवर जायची, तेव्हा गाड्यांच्या पाट्या बघून बघून अक्षरं शिकले. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘मोहोळ’. त्यानंतर जे समोर आलं ते वाचत सुटले, औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा. त्यामुळं डॉक्टर माझ्याशी जरा जपून बोलतात.

*

मालकांची छाती नाजूक. एप्रिलात वरच्या मजल्यावर स्लॅब असा तापतो की खाली बसलेला माणूस भाजणीसारखा खमंग व्हावा. एका दुपारी मालक खुर्चीतून उठले आणि परत खुर्चीत न बसता जमिनीवर बसले. डोळे पांढरे. पद्मानं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं, रझियाभाभीनं टेम्पो काढायला लावला.

डॉक्टर म्हणाले, यांना ऊन चालणार नाही. मग विचारलं, थंडीत काय करता? मी खरं ते सांगितलं, पौषात पहाटे धाप लागते म्हणून दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अक्का, इतकी वर्षं हे जिवंत आहेत ते माझ्या औषधानं नाही, नशिबानं आहेत."

शेगडी बंद झाली. उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊब, दोन्ही पाहिजे म्हणाले.

ही बातमी पुण्याला पोचली. आमचा सतीश तिकडं असतो. त्यानं फोनवर निकालच दिला. अक्षय्य तृतीयेला येतो. तोवर खोलीत एसी नसेल तर दोघांना गाडीत घालून पुण्याला आणतो, कायमचं.

पुणं वाईट नाही. पण तिथं लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं पाठ करून भिंतीशी बोलायला उभी राहिल्यासारखी उभी असतात. सुनेच्या ओट्यावर मी काय करायचं? शोभेला बसायचं? मी म्हटलं, एसी घेते. सतीश म्हणाला, "आई, तुला त्यातलं काय कळतं?"

झालं. आता घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

*

जिन्यात सल्ले सुरू झाले. पद्माचं म्हणणं, ओली चादर खिडकीला लावा, एवढा खर्च कशाला. टीचरचं म्हणणं, आधी अभ्यास करा. रझियाभाभीनं मात्र डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं.

तिच्या भावानं स्वस्तातला खिडकीचा एसी आणला. खोलीला खिडकी एकच. तिच्यात एसी बसला, खोली गार झाली आणि दिवसाढवळ्या अंधार झाला. भावजय वर्षानुवर्षं त्याच खिडकीतून दोरीनं टोपली सोडून भाजी घ्यायची. आता भाजीवाला खालून ओरडतोय आणि ही वरून एसीला ओरडतेय.

मग तिनं बाथरूमच्या झरोक्यातून टोपली सोडायला सुरुवात केली. भाजीवाला शहाणा माणूस. पहिल्या दिवशी टोपलीत मेथी ठेवताना त्यानं विचारलं, "भाभी, ही आता परत धुवून घेणार ना?"

त्या दिवशी माझं एक ठरलं. खिडकीला हात लावायचा नाही. भिंत फोडायची.

*

पद्माला कुणीतरी सांगितलं की मोहोळला एक ढाबेवाला जुना एसी काढतोय. सगळं एकाच डब्यात, गार पण आणि गरम पण, भाव निम्म्याहून कमी. रझियाभाभीच्या मिस्टरांनी टेम्पो काढला. मालक पुढं, आम्ही बायका मागं.

ढाब्याच्या फॅमिली रूममागं तो डबा ठेवला होता. आमच्या कपाटाएवढा. वर कबुतरांचा संसार. त्यातून एक नळकांडं रसोईवरून जाऊन आत खोलीत उघडत होतं. ढाबेवाला छाती काढून म्हणाला, "लई गार मारतंय, आज्जी. गिऱ्हाईक जेवून उटतच न्हाय, म्हणून काढायलोय."

लाव म्हटलं. आधी एक पीस आलं. मग धूळ आली. मग हवा आली. हवा गार नव्हती, पण तिखट होती. मटणाच्या काळ्या रश्श्याचा वास असा भपकन आला की मालक दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा खोकायच्या ऐवजी त्यांनी आवंढा गिळला.

मी विचारलं, हीटर चालतो का?

"चालतोय की. मशीन बंद करा, हीटरच हाय."

मी मालकांकडं बघितलं. ते त्या नळकांड्याच्या भोकाखालून हलायला तयार नव्हते. म्हणाले, "हाच घेऊ."

रझियाभाभीनं त्यांचा दंड धरून बाजूला केलं. "काका, मशीन नक्को. दो प्लेट मटन मंगाव." मटण मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू?

*

मग राहिलं दुकान. नवी पेठेत एका मोठ्या दुकानात गेलो. टाय लावलेला सेल्समन. त्याचं सगळं बोलणं मालकांशी. सर असं, सर तसं. मालक प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि त्यांचा समज आहे की मान हलवली की लोकांना ते कळत नाही.

मी म्हटलं, "इकडं बघ बाळ. मला थंड आणि गरम दोन्ही करणारा दाखव."

तो हसला. "आजी, सोलापुरात हीटर? अख्खं सोलापूरच हीटर आहे की."

मी पण हसले. मग त्याला बसवून सांगितलं. ऊब दोन तऱ्हेनं येते. एकात गॅस उलटा फिरतो, तो महाग. दुसऱ्यात आत कॉईल तापते, इस्त्रीसारखी. तो स्वस्त, पण लाईट जास्त ओढतो. आमची थंडी चार दिसांची पाहुणी, ती पण पहाटेची. तिच्यासाठी महागाचा कशाला? मला कॉईलवाला दे, एकाच डब्यातला, भिंतीत बसणारा. हे सगळं मी फोनवर बघून आणि वाचून आले होते. मोहोळच्या पाटीपासून सुरुवात केलेली बाई कुठवर पोचली बघा.

त्यानं एक दाखवला. गार हवा छान येत होती. मी म्हटलं, आता उलटी बाजू दाखव.

आता सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण चादर कशी घेतो? गादीवर मांडी घालून बसायचं. उलगडायला लावायची. सुलट बघायची, उलट बघायची, कोपरा चोळायचा, मग नाक मुरडून पुढची उलगडायला लावायची. उलट बाजू न बघता चादर घेऊन आलेल्या सुनेला सासरी दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. आणि हा मला सांगतो, एसीची उलटी बाजू घरी गेल्यावर बघा.

"आजी, बाहेर त्रेचाळीस आहे."

"असू दे. लाव."

लावली. आधी कॉईलवरची धूळ जळाल्याचा वास आला, मग ऊब आली. त्यात मी दार लावून घ्यायला सांगितलं, कारण खोलीत कसं तापतं ते बघायचं होतं. मिक्सर बघायला आलेली माणसं निघून गेली. फ्रीज बघायला आलेलं एक नवीन जोडपं फ्रीज उघडून त्यात तोंड घालून उभं राहिलं. पद्मा तेलुगूत काहीतरी बोलली, ते मी इथं लिहीत नाही. सेल्समननं टाय सोडला. मालकांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते म्हणाले, "छातीला बरं वाटतंय."

काचेच्या केबिनमधून शेठ पळत आला. मला वाटलं भांडणार. त्यानं हातच जोडले.

"आजी, भाव तुम्ही सांगा. पण आधी ते बंद करा."

*

भिंत फोडली. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडं बिल्डिंगची सामाईक गच्ची आहे. डब्याचं तोंड आमच्याकडं, पाठ गच्चीकडं. पाठीतून गरम वारा. सेक्रेटरी कमिटीच्या दोन माणसांना घेऊन वर आले. गच्ची सगळ्यांची, तिथं एका घरानं गरम हवा सोडणं नियमात बसत नाही, डबा काढावा लागेल. मी कमरेला पदर खोचला होता, पण मला बोलावंच लागलं नाही.

झालं होतं असं, की दोन दिवस वळवाचं आभाळ आलं होतं. घरोघरी कुरडया घातलेल्या, ओल्या, आणि ऊन गायब. कुरडयांना वास सुटायच्या बेताला. सेक्रेटरी गच्चीच्या दारातून आत शिरले तर डब्याच्या पाठीशी बिल्डिंगभरच्या कुरडया ओळीनं मांडलेल्या, आणि सगळ्यात पुढं, वाऱ्याच्या अगदी तोंडाशी, त्यांचीच बायको, आमची टीचर, स्वतः बसलेली.

सेक्रेटरींनी नियम सांगितला. टीचरनं पूर्ण ऐकून घेतला, शाळेत मुलांचं ऐकायची तसा.

"झालं सांगून? मग खाली बसा आणि ही ओळ पलटा."

सेक्रेटरी बसले. कमिटीची दोन माणसं पण बसली.

*

त्या डब्यातून पाणी ठिबकतं. मी खाली बादली ठेवली. आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा सण असतो, त्यामुळं त्या बादलीवर पहिल्याच दिवशी तीन हक्क लागले. टीचरला कुंड्यांना पाहिजे, पद्माला फरशी पुसायला, रझियाभाभीला कूलरमध्ये ओतायला. म्हणजे माझ्या एसीच्या पाण्यावर तिचा कूलर चालणार. बादलीवरून दुपारभर धुसफूस झाली.

शेवटी वार लावून दिले. पहिली पाळी पद्माची. बादली उचलताना ती म्हणाली, "नळापेक्षा हा बरा अक्का. रोज येतो."

*

अक्षय्य तृतीया आली. आदल्या दिवशी सतीशचा फोन. एसी बसवल्याचं मी सांगितलं, तर म्हणाला, स्वस्तातला ना? चालत नसणार. मी बघायला नाही, न्यायला येतोय. मित्राची मोठी गाडी घेऊन येतोय, सामान बसेल.

मी त्याच्याशी भांडू शकले असते. पण सकाळी उठून बघते तर मालकांनी आपली बॅग भरून खोलीत खुर्चीपाशी ठेवलेली. कपडे, औषधं, चष्म्याचं घर. मला काही बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही. अख्ख्या बिल्डिंगला विचारणारी बाई मी, पण तेवढं एक विचारलं गेलं नाही. हो म्हणाले असते तर? मी आमरस करायला बसले. आंबे पिळताना पिळण्यावरच लक्ष ठेवलं.

पुरणपोळी-आमरस झाल्यावर तिघी नेहमीसारख्या वर आल्या. चादरी अंथरल्या, शेंगा फोडता फोडता एकेक आडवी झाली. पद्मा घोरायला लागली. मालक दाराशी खुर्चीत, डोळे मिटलेले, हातात रिमोट, दोन्ही पाय त्या भरलेल्या बॅगेवर टाकलेले, टेकायला स्टूल असावं तसे. छातीचा आवाज अगदी संथ. मी तेवढाच ऐकत बसले होते.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. सतीशनं दार उघडलं. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातात गाडीची किल्ली. त्यानं आडव्या बायका बघितल्या, माझ्याकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "बाबा, चला. गाडी खाली उभी आहे."

मालकांनी डोळे उघडले नाहीत.

"आत ये नाहीतर बाहेर जा. पण दार लाव, गारवा जातोय."

सतीशनं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग त्यानं दार लावलं. आतून.